दीड शेर मीठ

“डावी बाजू वर! वर म्हणजे वर रे, आभाळाकडं! मला घसरवून मारायचं ठरवलंय का तुम्ही?”

किल्लेदार आपाजी सुरवसे बाजेवर पालथे पडून ओरडत होते आणि ती बाज खांद्यावर घेऊन आम्ही चौघे तटावरून चाललो होतो. आम्ही चौघेही त्यांचे कैदी होतो. ज्याला कैदेत ठेवलंय त्याच्याच खांद्यावर बसून, म्हणजे पडून, गडाची पाहणी करणारा किल्लेदार मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. पण त्यांचाही इलाज नव्हता. गडावर त्यांची स्वतःची माणसं होती नऊ. ती पहाऱ्यावरून हलवली तर दरवाजा कोण राखणार आणि बाज कोण उचलणार?

ते दिवस यादवीचे होते. एकाच घराण्याच्या दोन गाद्या, एक थोरली आणि एक धाकटी. त्या आपसात भांडत होत्या आणि त्यांच्यापायी मावळातली निम्मी घरं उरलेल्या निम्म्या घरांशी लढत होती. लढाईला निघताना माणूस देवाला एवढंच विनवायचा, की समोर मेहुणा उभा नसू दे. आम्ही धाकट्या गादीचे, किल्लेदार थोरल्या गादीचे. खिंडीतल्या एका चकमकीत आम्ही सत्तावीस जण त्यांच्या हाती सापडलो. त्याच गर्दीत आमच्यातल्या कुणाचा तरी भाला किल्लेदारांना अशा जागी लागला, की ती जागा बायकोशिवाय कुणाला दाखवता येत नाही. वैद्यानं सांगितलं होतं, दोन महिने बसायचं नाही आणि उताणं निजायचं तर नावच काढायचं नाही. त्यामुळं आपाजीराव जेवत पालथे, निजत पालथे आणि हुकूम सोडत तेही पालथेच.

आम्हाला धान्याच्या कोठारात, अंबारखान्यात कोंडलं होतं आणि सकाळी त्याच्यासमोर आमची मोजदाद व्हायची. बाज अंगणात ठेवलेली असायची, किल्लेदारांची हनुवटी बाजेच्या काठावर टेकलेली. तोंड वर करून पाहिलं की जखमेला कळ जायची, म्हणून ते आमचे पायच तेवढे पाहत. महिनाभरात ते आम्हा सगळ्यांना पायांवरून ओळखायला लागले.

“ह्या भेगा कुणाच्या? नावजी शेवाळे. टाचेला मेण लाव रे, तुझ्या भेगांत विंचू बिऱ्हाड करील.”

नावजी शेवाळे म्हणजे मी. बाज उचलायला मी आपण होऊन पुढं झालो होतो, कारण दक्षिणेच्या बुरुजावरून माझं गाव दिसायचं. अगदी खाली, ओढ्याच्या वळणावर, बारा-पंधरा छपरं. त्यातलं चौथं माझं. बायकोला सातवा महिना लागला होता, घरात दुसरं माणूस म्हणजे तिची आंधळी आत्या. छपरातून धूर निघाला की मला कळायचं, आज चूल पेटली, म्हणजे बाई उभी आहे. एवढ्यावर माझा दिवस निघायचा. किल्लेदारांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही. पण बाज त्या बुरुजाशी आली की रोज त्यांना वारा खायची लहर यायची.

“थांबा रं. इथं जरा गार वाटतंय.”

भर उन्हात, तापलेल्या दगडांवर, त्यांना तिथं गार वाटायचं.

आता मिठाची गोष्ट सांगतो.

आमचे जुमलेदार म्हाळोजी वरखडे साठीला टेकलेले, मिशा पांढऱ्या आणि मान ताठ. कैदेत पडलो त्याच दिवशी त्यांनी आम्हाला गोल बसवून सांगितलं, “भाकरी खायची. पाणी प्यायचं. त्यांचं मीठ न्हाई खायचं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर हात उचलता येत न्हाई. उद्या आपली फौज आली, तर आपले हात मोकळे पायजेत.”

हा रिवाज दोन्हीकडं सारखाच होता, त्यामुळं त्यात वाद नव्हता. मोहिमेवर निघालेल्या प्रत्येक गड्याच्या कमरेला मिठाची पुरचुंडी असतेच. म्हाळोजींनी सत्तावीस पुरचुंड्या एका कातडी पिशवीत ओतायला लावल्या. भरलं दीड शेर. ती पिशवी ते उशाशी घेऊन निजत. रोज जेवताना प्रत्येकाला एक चिमूट, तीही जिभेवर, कारण भाकरीवर घातलेलं सांडतं असं त्यांचं म्हणणं होतं. म्हाळोजींच्या सांगण्यावरून गडाच्या मुदपाकखान्यातून आमचं कालवण अळणी यायचं, आणि हुलग्याचं अळणी माडगं म्हणजे काय असतं ते ज्यानं खाल्लंय त्यालाच ठाऊक.

किल्लेदारांच्या हे फार जिवाला लागलं. त्यांचं गणित सोपं होतं. नऊ पहारेकरी, सत्तावीस कैदी आणि मालक पालथा. आम्ही एकदा त्यांचं मीठ खाल्लं की त्यांना निवांत झोप लागणार होती. मग त्यांनी आमच्यावर स्वारी केली. अंबारखान्याच्या झरोक्याखाली, वाऱ्याची दिशा बघून, त्यांनी खारवलेली सुकट भाजायला लावली. एकदा लोणच्याची बरणी आमच्या दारात ‘चुकून’ उघडी राहिली. तिच्याभोवती आमचे सत्तावीस जण असे बसले होते, जणू घरात कुणी आजारी आहे. कुणी बोट लावलं नाही. मी लावणार होतो, पण म्हाळोजी माझ्याकडंच बघत होते.

“म्हाळोजी, अरे खा की बाबा!” दुसऱ्या दिवशी किल्लेदार कळवळून म्हणाले. “महिना झाला, एक डोळा उघडा ठेवून निजतोय मी. पालथ्या माणसाला ते किती अवघड जातं, ठाव हाय का?”

“तुमाला झोप लागू नये, म्हणूनच खात न्हाई, किल्लेदार.”

“मोठा कडू म्हातारा हाय.”

“अळणी खाऊन झालोय.”

त्यावर किल्लेदार इतके हसले की जखम उसवते की काय म्हणून सगुणाबाई धावत आल्या. सगुणाबाई म्हणजे किल्लेदारांची बायको. गडाचा मुदपाकखाना त्यांच्या हाताखाली होता आणि किल्लेदारही. त्यांचं माहेर म्हाळोजींच्या शेजारच्या गावचं, म्हणजे आमच्या गादीकडचं. म्हाळोजींना त्या काका म्हणत आणि त्यांच्यासमोर नवऱ्याची बाजू कधी घेत नसत.

असा दीड महिना गेला. मग एका सकाळी जासूद आला. आम्ही बाज घेऊन दक्षिण बुरुजाशी उभे होतो. किल्लेदारांना नेहमीप्रमाणं गार वाटत होतं. कागद ऐकून त्यांनी बायकोला बोलावणं धाडलं. जासूद उतरून गेल्यावर सगुणाबाई आल्या, तशी आम्ही बाज खाली ठेवली. आम्ही चौघं तिथंच होतो, पण बाईंना त्याची फिकीर राहिली नव्हती.

“उद्या येनार? खुद्द सरदार?”

“दुपारी. जेवायलाच.”

“मी तवाच म्हनलं हुतं, खोटं लिवू नगा.”

“मग काय खरं लिहू? सत्तावीस माणसं ढकलू?”

तेव्हा आम्हाला कळलं ते असं. दुसऱ्या एका गडावर कैद्यांनी उठाव करून किल्लेदार मारला होता. तेव्हापासून थोरल्या गादीचा सगळ्या गडांना हुकूम सुटला होता, की ज्या कैद्यांनी मीठ घेतलंय ते ठेवा, ज्यांनी घेतलं नाही त्यांचा कडेलोट करा. तो कागद आपाजीरावांकडं येऊन महिना झाला होता. त्यांनी उलट लिहून दिलं होतं, की आमच्या सत्तावीसही कैद्यांनी पहिल्याच दिवशी मीठ घेतलं, फार गोड माणसं आहेत. आता सरदार हैबतराव दुधाणे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला येत होते. कैद्यांच्या पंगतीत बसून जेवणार होते. एकानंही ताट सारलं तर सत्तावीस जण कड्यावरून जाणार होते आणि खोटं लिहिल्याबद्दल अठ्ठाविसावे किल्लेदार.

छपरातला धूर दिसत होता, तरी मला तो बघवेना.

“किल्लेदार,” मी म्हणालो, “आमाला का न्हाई सांगितलं?”

“सांगून?” ते बाजेच्या सुंभाकडं बघत म्हणाले. “म्हणजे तुम्ही कड्याच्या भीतीनं मीठ खाणार. तसलं मीठ अंगी लागतंय व्हय? आन दुसरं म्हंजे, तुम्हाला ढकललं असतं तर माझी बाज कोण उचलणार होतं? उचला आता. अंबारखान्याकडं चला.”

अंबारखान्यात म्हाळोजींनी सगळं ऐकून घेतलं. आमचे गडी एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, “खाऊन टाकू, बाबा.” म्हाळोजींनी मान हलवली.

“फौज येनार हाय आपली. आज मीठ खाल्लं तर उद्या तिच्यासमोर काय तोंड दाखवू? मी न्हाई खायचा. पोरांनी खावं, मी आडवा येत न्हाई.”

“एकानं नाही खाल्लं तरी सगळे जातील,” किल्लेदार म्हणाले. “पण हट्ट सोड म्हणत न्हाई मी. मी मागायला आलोय.”

“काय?”

“तुमची मिठाची पिशवी.”

म्हाळोजींचा हात आपोआप उशाकडं गेला.

“उद्याचा सगळा सैपाक तुमच्या मिठात करू. तुम्ही तुमचंच मीठ खा. बघनारा बघंल, पंगतीत मीठ वाढलं, सगळ्यांनी खाल्लं. तुमचा नेम मोडला न्हाई, माझं लिहिणं खोटं पडलं न्हाई.”

सगळेच हुशारले. पण म्हाळोजी म्हणजे म्हाळोजी.

“आन तुमी?” त्यांनी विचारलं. “तुमचं ताट वेगळ्या भांड्यातलं?”

“सरदार शेजारी बसनार. एका पंगतीत दोन भांडी दिसली तर त्याला वास येईल. मी तुमच्यातलंच जेवीन.”

“आन तुमचे पहारेकरी?”

“ते बी.”

“मग तुमी आमच्या मिठाचे व्हाल, किल्लेदार. इचार केलाय का?”

“म्हाळोजी, दीड महिना मी पोटावर पडून इचारच करतोय. दुसरं काय करता येतंय?”

म्हाळोजींनी उठून पिशवी स्वतः बाजेवर ठेवली, किल्लेदारांच्या तोंडासमोर. पिशवीचं तोंड नीट बांधलेलं आहे ना ते दोनदा पाहिलं. दीड महिन्यात ती अर्ध्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी हैबतराव दुधाणे वीस घोडेस्वार घेऊन आले. स्वारांना त्यांनी खालच्या माचीवर थांबवलं आणि एकटेच वर आले. माणूस आडव्या अंगाचा. गड चढून घामाघूम झालेला. डोळे मात्र बारीक, सगळ्यांच्या हातांकडं बघणारे. अंबारखान्यासमोर पंगत मांडली. आम्ही सत्तावीस एका ओळीत, समोर गडाची माणसं, टोकाला सरदारांचा पाट, त्याला लागून किल्लेदारांची बाज आणि बाजेपुढं चौरंगावर त्यांचं ताट.

सगुणाबाई स्वतः वाढत होत्या. हुलग्याची आमटी, वाफाळणारी भाकरी, लसणाची चटणी.

“हं,” सरदार म्हणाले, “आधी कैद्यांनी घास घ्यावा. मी बघतो.”

सगळ्या माना म्हाळोजींकडं वळल्या. म्हातारा ऐन वेळी फिरला तर? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात टाकला, सावकाश चावला आणि डोळे मिटले. मग आम्ही तुटून पडलो. चवीचं खाणं म्हणजे काय ते मी तोवर विसरलो होतो. माझ्या शेजारचा गडी जेवता जेवता रडत होता.

सरदारांचा चेहरा खुलला. त्यांनी पहिला घास घेतला, मग दुसरा, मग बाह्या सारल्या.

“वा! वहिनीसाहेब, आमटी झालीय फक्कड! मीठ कसं बेतशीर पडलंय.”

“घ्या की आणखी,” सगुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी घेतली. परत घेतली. तिसऱ्यांदा त्यांनी वाटी पुढं केली तेव्हा म्हाळोजींची मिशी हलायला लागली. मी खाली मान घातली, कारण मला हसू आवरेना. थोरल्या गादीचा एवढा मोठा सरदार आमचं मीठ वाट्या वाट्या भरून रिचवत होता, ढेकर देत होता आणि आम्हालाच सांगत होता, “बघा रे, अन्नदात्याला विसरू नका!”

“न्हाई विसरणार,” म्हाळोजी म्हणाले. “तुमी बी इसरू नगा.”

आपाजीरावांचं ताट मात्र अजून तसंच होतं. त्यांनी एक बोट आमटीत बुडवलं, ते म्हाळोजींना दिसेल असं धरलं आणि मग चाटलं. पहारेकऱ्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळं आमच्या सगळ्यांत त्या दिवशी समजून-उमजून परक्याचं मीठ खाल्लेला तेवढा एकच माणूस होता. मग तेही जेवायला लागले.

तिसऱ्या प्रहरी सरदार खूश होऊन खाली गेले. घोड्यांच्या टापा घाटात विरल्या. आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडायच्या बेतात होतो, तेवढ्यात किल्लेदार म्हणाले, “बाज दरवाज्याशी न्या. म्हाळोजी, तुम्हीही या. सगळेच या.”

दरवाज्यावरच्या पहारेकऱ्यांना त्यांनी अडसर काढायला सांगितला. दोन्ही फळ्या उघडल्या. समोर वाट होती, वळणं घेत थेट माझ्या गावाकडं उतरणारी.

“जा,” किल्लेदार म्हणाले.

कुणाला काही कळेना.

“जा म्हणतोय. तुमचं मीठ खाल्लं मी. माझ्या माणसांनी खाल्लं. ज्याचं मीठ खाल्लं त्याला कोंडून ठेवायचं मला जमायचं न्हाई. सांजच्या आत घरी पोचाल.”

मी किती वेळात हललो ते मलाच समजलं नाही. भानावर आलो तेव्हा माझा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. दोन घटकांची वाट. धावलो असतो तर दीड.

“आन सरदार फिरून आला तर?” म्हाळोजींनी विचारलं.

“तर काय? कडा हाय, मी हाय. पालथाच ढकलतील. पुढं काय वाढून ठेवलंय ते दिसंल तरी.”

सगुणाबाईंनी तोंड फिरवलं. त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं की त्या रडताहेत. किल्लेदारांनी तिकडं बघितलं नाही.

म्हाळोजी बाजेपुढं जाऊन उकिडवे बसले, म्हणजे दोघांची तोंडं समोरासमोर आली.

“किल्लेदार, आमचं मीठ खाल्लंत. म्हंजे आता आमी तुमचे कोन?”

“धनी,” आपाजीराव म्हणाले. “दुसरं काय?”

“धन्याचा हुकूम ऐकाल?”

“ऐकावाच लागंल.”

म्हातारा आता गड मागणार. नऊ पहारेकरी आमच्या मिठाचे झाले होते, त्यांना भाला उचलता येत नव्हता. एक शब्द, आणि लढाई न करता गड धाकट्या गादीचा. याच दिवसासाठी तर त्यांनी दीड महिना आम्हाला अळणी खायला लावलं होतं. म्हाळोजींनाही ते सुचलं असणार, कारण त्यांनी एकदा मान वर करून बुरुजावरच्या निशाणाकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

“मग ऐका,” ते म्हणाले. “दरवाजा लावून घ्या.”

“आँ?”

“लावून घ्या म्हनतो. आमी आत ऱ्हातो. चाकर असा दुखण्यात पडलाय आन धनी त्याला टाकून घरी चालला, असं आमच्यात होत न्हाई. तुमच्यात होतंय का?”

किल्लेदारांनी हनुवटी बाजेवर टेकली आणि डोळे मिटून घेतले. आमचे गडी एकेक करून मागं वळले. कुणी कुरकुरलं नाही, पण कुणाचे पायही झपाझपा पडत नव्हते.

मी तसाच उभा. एक पाय आत, एक बाहेर.

“नावजी,” किल्लेदार डोळे न उघडता हळूच म्हणाले, “तू जा रं. तुझं निराळं हाय. एक कमी पडला तर सांगंन, तापानं मेला.”

म्हाळोजींनी ते ऐकलं आणि मुद्दाम दुसरीकडं बघितलं. मला कुणीच थांबवत नव्हतं. मला कुणीतरी थांबवायला हवं होतं. खाली छपरांवर ऊन उतरत होतं आणि माझ्या घरातून धूर निघत होता. तो दिसत होता तोवर मला पाऊल मागं घेता येईना, म्हणून मी वाटेकडं पाठ केली.

दोन्ही गाद्यांचा तह व्हायला पुढं सात महिने लागले. मी घरी गेलो तेव्हा माझी मुलगी रांगत होती आणि मला बघून तिनं किंकाळी फोडली. आज ती स्वतः लेकुरवाळी आहे आणि ‘बाबा, तुम्ही तेव्हा का नाही आलात’ असं मला अजून विचारते. मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेतो, कारण खरं सांगायला गेलो की मला तो दरवाजाच आठवतो.

त्याचा अडसर सागाचा होता. पहारेकरी तो दोघं मिळून उचलत. त्या दुपारी ते पुढं झाले तेव्हा मी त्यांना बाजूला सारलं आणि तो मी एकट्यानं लावला, आतून.